दुकानाला आग लागली, तर वरच्या मजल्याला कोण सांगणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी वडोदऱ्यात न्यायमंदिराजवळच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात फ्लोअर सुपरवायझर आहे. तळमजला आणि वर तीन मजले. सणासुदीला साठ-सत्तर माणसं कामाला असतात. मागे दुसरा जिना आहे, पण चोरीच्या भीतीने शेठ त्याला कुलूप लावतात. फायरची एनओसी फ्रेम करून काउंटरमागे टांगलेली आहे. सुरक्षेच्या एका कार्यक्रमात न्यूझीलंडच्या बॅलंटाइन्स दुकानाच्या आगीचं नाव ऐकलं. ती आग काय होती? आणि मी मालक नाही, इंजिनिअर नाही, तर माझ्या हातात जे आहे त्यातून मी काय करू शकते?"

ताई, मागच्या जिन्याचं कुलूप आजच निघायला हवं. ते शेठच्या गळी कसं उतरवायचं, ते पुढे सांगतो. पण आधी बॅलंटाइन्सबद्दल सांगतो, कारण त्या आगीत नेमकी तुमच्यासारखी माणसं गेली. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांत अनेक वर्षं सेफ्टीचं काम केल्यावर मी दुकानं आणि दवाखाने तपासायला लागलो. तेव्हापासून दुकानाच्या मालकांना समजावताना मी याच आगीपासून सुरुवात करतो.

१८ नोव्हेंबर १९४७. न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च शहर. बॅलंटाइन्स म्हणजे तिथलं सगळ्यांत प्रतिष्ठित दुकान. कपडे, टोप्या, घरसामान, सगळं एका छपराखाली. एका छपराखाली म्हटलं तरी ती एक इमारत नव्हती. दुकान वाढत गेलं तशा शेजारच्या जुन्या इमारती घेतल्या आणि आतून भिंती फोडून जोडल्या. आपल्या मांडवी-घडियाळी पोळ भागातली कितीतरी दुकानं अशीच वाढली आहेत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. त्या दुपारी आत तीनशेच्या आसपास ग्राहक आणि साडेचारशेहून जास्त कर्मचारी होते.

साडेतीननंतर तळघरातून धूर येताना दिसला. ज्याला दिसला त्याने दुसऱ्याला सांगितलं, मालकांना निरोप गेला, कुणालातरी अग्निशमन दलाला फोन करायला सांगितलं. फोन लागेपर्यंत पावणेचारचा सुमार झाला होता. इमारतीत धोक्याची घंटा नव्हती, स्प्रिंकलर नव्हते, माणसं बाहेर काढायची कसलीही योजना नव्हती. खालच्या ग्राहकांना बाहेर नेलं गेलं. वरच्या मजल्यांवरच्या ऑफिसांत आणि कामाच्या खोल्यांत मात्र काम चालूच होतं. काहींना वास आला होता, पण वरिष्ठांकडून काही सूचना आलेली नव्हती, म्हणून ते थांबले. आलेल्या बंबवाल्यांनाही तळघरातली आग एवढंच कळलं होतं. वर माणसं अडकली आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दरम्यान गरम धूर जिन्यांतून वर चढत होता, आणि भिंती-छतांना लावलेले मऊ पुठ्ठ्यासारखे बोर्ड तापत होते. चारच्या सुमाराला वरचे मजले एकदम पेटले. काहींनी खिडक्यांतून उड्या मारल्या.

४१ जण मेले. ते सगळे तिथे कामावर असलेले लोक होते. ग्राहक एकही नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आग कशाने लागली, हे आयोगालाही ठरवता आलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी बाब हीच आहे. ठिणगी कुठून पडली हे शेवटपर्यंत कळलं नाही, तरी माणसं का मेली हे अगदी स्वच्छ कळलं: निरोप वर गेला नाही, फोनला उशीर झाला, कर्मचाऱ्यांना कधी काही शिकवलेलं नव्हतं, आणि इमारत धुराला अडवत नव्हती. आपल्याकडे प्रत्येक आगीनंतर "शॉर्ट सर्किट" एवढं छापून आलं की विषय संपतो. शॉर्ट सर्किट होतच राहणार. त्यानंतरच्या दहा मिनिटांत दुकानाने काय केलं, हा विचारायचा प्रश्न आहे.

ती दहा मिनिटं तीन तुकड्यांत मोडतात. आग कळायला लागणारा वेळ, निघायचं हे ठरायला लागणारा वेळ, आणि पायऱ्या उतरायला लागणारा वेळ. मालक मंडळी पहिल्यावर पैसे खर्च करतात, स्मोक डिटेक्टर लावतात. नकाशा पास करणारे तिसऱ्याची मोजमापं बघतात. मधला तुकडा कुणाच्याच खात्यात नसतो, आणि माणसं तिथे मरतात. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फर्निचरचा ढीग पेटला. त्याच मजल्यावरच्या उपाहारगृहात लोक ताटावरून लवकर उठले नाहीत, कारण जेवण मागवलेलं होतं आणि बिल द्यायचं होतं. त्या आगीत १० माणसं गेली. १९६७ मध्ये ब्रुसेल्सच्या इनोव्हेशन या भव्य दुकानात भरदुपारी आग लागली. तिथे वाजलेली घंटा अनेकांना जेवणाच्या सुट्टीची वाटली. मृतांचा आकडा अडीचशेवर गेला. ही माणसं मूर्ख नव्हती. माणूस रोज ज्या भूमिकेत असतो त्याच भूमिकेत तो संकटातही काही वेळ राहतो. गिऱ्हाईक गिऱ्हाईकच राहतं, कारकून कारकूनच राहतो, आणि हुकुमाची वाट बघायची सवय असलेला हुकुमाची वाट बघतो.

म्हणून तुमच्या दुकानात पहिली गोष्ट ठरवायची ती ही: धूर किंवा आग ज्याला दिसेल, तो विचारायला जाणार नाही. झाडूवाली मावशी असो, काल लागलेला पोरगा असो, फॉल-पिकोचा कारागीर असो. ज्याला दिसेल तो घंटा वाजवेल आणि मोठ्याने सांगेल. शेठला नंतर कळेल. हे शेठच्याच तोंडून, सगळ्यांसमोर, सकाळी शटर उघडण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे. आणि त्यात एक वाक्य असलंच पाहिजे: "खोटी निघाली तरी कुणाला बोलणार नाही, पगार कापणार नाही." हे वाक्य नसेल तर बाकीचं सगळं वाया. मी कितीतरी दुकानांत खालच्या माणसांना विचारलंय की धूर दिसला तर काय कराल. जवळजवळ सगळीकडे उत्तर एकच येतं: "मॅनेजरला सांगू." मॅनेजर त्या वेळी बँकेत असतो, चहाला असतो, तिसऱ्या मजल्यावर वऱ्हाडाला शालू दाखवत असतो.

आता तुमच्याकडे घंटा आहे का, ते बघा. लाल चौकोनी डबे, ज्यांची काच फोडायची किंवा दाबायची, ते प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ असायला हवेत. बऱ्याच दुकानांत त्यांच्यावर साडी नेसवलेला पुतळा उभा केलेला असतो. मग तपासणी अशी करा: एक माणूस सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत मागच्या खोलीत बसवा. फॉल-पिकोचं मशीन चालू, एसी चालू, रेडिओ चालू, दार बंद. खालून हूटर वाजवा. त्याला स्पष्ट ऐकू आलं नाही, तर तुमच्याकडे घंटा नाही असं समजा. हीच तपासणी मेन स्विच पाडूनही करा, कारण आगीत पहिल्यांदा वीज जाते आणि हूटरची बॅटरी मेलेली असली तर तो मुका राहतो. हिशेबखातं, कारागिरांची खोली, पोटमाळ्यावरचं गोडाऊन, जेवायची जागा, बायकांची टॉयलेट, या पाच ठिकाणी विसरू नका. बॅलंटाइन्समध्ये नेमकी अशाच आतल्या खोल्यांतली माणसं गेली.

घंटेपेक्षाही माणसाचा आवाज चांगला. तुमच्याकडे गाणी लावायला स्पीकर आहेतच. त्यावरून साधं, स्पष्ट वाक्य बोलायचं: "आग लागली आहे, सगळ्यांनी आत्ता जिन्याने खाली उतरा, पर्स-पिशवी राहू द्या." हे गुजरातीत आणि हिंदीत. कारागीर बंगालचे किंवा उत्तर प्रदेशचे असतील, तर त्यांना समजेल असं. काही मॉलवाले अशा वेळी सांकेतिक शब्द वापरतात, म्हणजे गिऱ्हाइकांत घबराट नको. साडीच्या दुकानात हे करू नका. घबराटीने मेलेल्यांपेक्षा उशिरा कळल्यामुळे मेलेल्यांची उदाहरणं इतिहासात फार जास्त आहेत. काय झालंय आणि काय करायचंय हे सरळ सांगितलं, तर लोक बहुतेक वेळा नीट वागतात.

आता कुलूप. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक कोवळ्या वयाच्या मुली होत्या. एका बाजूचं दार कुलूपबंद होतं, माल चोरीला जाऊ नये म्हणून. १ ऑगस्ट २००४ रोजी पॅराग्वेच्या असुन्सियोन शहरात एका सुपरमार्केटला आग लागली, तेव्हा लोक पैसे न देता जातील म्हणून दारं बंद करण्यात आली. जवळपास चारशे माणसं गेली, आणि त्यासाठी मालक आणि पहारेकरी दोघंही तुरुंगात गेले. इतक्या लांब जायची गरज नाही. ९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाचीला साडीच्या एका दुकानात पाच कामगार गुदमरून मेले. ते रात्री आतच झोपलेले होते आणि दार बाहेरून बंद होतं. तुमच्याकडे सणाच्या दिवसांत कारागीर रात्री आत झोपतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झोपत असतील तर ते आधी बंद करा. ते करता येत नसेल, तर आतून किल्लीशिवाय उघडणारं दार हवंच.

शेठला चोरीची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. तिच्यावर उपाय आहे. आतून आडवा दांडा ढकलला की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं कुलूप मिळतं, त्याला पॅनिक बार म्हणतात. त्यावर दार उघडताच कर्कश वाजणारा छोटा अलार्म बसवता येतो. वर एक कॅमेरा. म्हणजे कुणी गाठोडं घेऊन मागून निघाला तर सगळ्या दुकानाला कळेल, आणि आग लागली तर एका धक्क्यात दार उघडेल. या सगळ्याचा खर्च तुमच्या शोकेसमधल्या एखाद्या भारी पाटण पटोळ्याच्या किमतीत सहज बसतो. तोपर्यंत, म्हणजे हे बसेपर्यंत, दुकान उघडं असताना मागच्या दारापाशी स्टूल टाकून एक माणूस बसवा आणि कुलूप काढा. "किल्ली बाजूला खिळ्याला टांगलेली असते" हे उत्तर मान्य करू नका. धुरात हात समोर धरला तर दिसत नाही, तिथे खिळा कुठला दिसणार? आणि गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. जिना धुराने भरला तर वरच्यांना गच्ची हाच आसरा असतो.

कुलूप काढल्यावर तो जिना मोकळा असेल याची खात्री मात्र तुम्ही स्वतः करू शकता, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. जपानमध्ये कुमामोतोच्या तायो या दुकानाला २९ नोव्हेंबर १९७३ रोजी आग लागली, ती जिन्यातच. पायऱ्यांवर पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. ज्या वाटेने उतरायचं तीच वाट जळायला लागली आणि तिचं धुराडं झालं. शंभराहून जास्त माणसं मेली. त्यानंतर जपानने कायदा बदलला आणि जुन्या दुकानांनाही नवीन नियम लागू केले, "आमची इमारत आधीची आहे" ही सबब ठेवली नाही. तुमच्या दुकानात नवरात्राच्या आधी चणिया-चोळीचे गठ्ठे आणि मग लग्नसराईचा माल कुठे ठेवतात? मी न बघताच सांगतो: मागच्या जिन्यात. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी गर्दी वाढण्याआधी वरून खालपर्यंत एकदा तो जिना स्वतः उतरा. मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. पंधरवड्याचे फोटो शेठला एकदम दाखवले, तर तोंडी तक्रारीपेक्षा जास्त काम होतं.

टेपही घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत दुकानांसाठी जिन्याची रुंदी किमान दीड मीटर सांगितली आहे. बाहेर पडायचं दार एक मीटरपेक्षा कमी रुंद नको, आणि माणसं ज्या दिशेने बाहेर पडतात त्या दिशेला उघडायला हवं. मजल्यावरच्या कुठल्याही कोपऱ्यातून जिन्यापर्यंत चालायचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. आता, अंतर म्हणजे सरळ रेषेत नव्हे, काउंटर आणि गाद्यांना वळसे घालत जसं चालावं लागतं तसं मोजायचं. गर्दीचा अंदाजही संहितेत आहे. वरच्या विक्री-मजल्यावर माणशी सहा चौरस मीटर धरतात. समजा मजला १,८०० चौरस फुटांचा, म्हणजे १६७ चौरस मीटर. हिशेब अठ्ठावीस माणसांचा झाला. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तुमच्या दुसऱ्या मजल्यावर किती असतात, ते एकदा मोजून बघा. जुन्या शहरातल्या इमारतीला ही सगळी मापं जमतीलच असं नाही. म्हणूनच जो जिना आहे तो पूर्ण मोकळा ठेवण्याचं मोल दुप्पट होतं.

कापडाबद्दल दोन शब्द, कारण दुकानातली मंडळी यात फसतात. "साड्या घट्ट घडी घालून ठेवलेल्या असतात, पटकन पेट घेत नाहीत" असं मला नेहमी सांगितलं जातं. घडी केलेला गठ्ठा हळू जळतो हे खरं, पण हळू जळताना तो जास्त विषारी धूर सोडतो. सुती कापडातून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. रेशीम, नायलॉन, अ‍ॅक्रिलिक, आणि गाद्यांमधला फोम यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असतो. आगीत मरणारी बहुतेक माणसं ज्वाळेने आधी मरत नाहीत. चार श्वासांत चक्कर येते, पाय चालत नाहीत, आणि मग माणूस बसतो. म्हणून धुरात शिरावं लागलं तर खाली वाकून, जमिनीलगत, भिंतीला हात लावून जायचं. साडी नेसलेल्या सेल्सगर्लना हे आधी करून दाखवा. साडीत रांगणं अवघड असतं, आणि पहिल्यांदा ते आगीतच करायची वेळ येऊ नये. पुढे जिना धुराने भरलेला दिसला तर त्यात घुसू नये. मागे येऊन दुसरा जिना धरायचा. तोही गेला तर रस्त्याकडची खिडकी असलेल्या खोलीत जाऊन दार लावायचं, फटीत साड्या कोंबायच्या, आणि खिडकीतून ओरडायचं.

खिडकी म्हटलं, पण तुमच्या दुकानाला दर्शनी भागात खिडक्या दिसतात का? आजकाल अख्खा पुढचा भाग पत्र्याने किंवा जाहिरातीच्या बोर्डाने मढवतात. आत एसी, बाहेर नटीचं चित्र. धुराला जायला वाट नाही, आणि बंबवाल्यांना शिडी लावायला भोक नाही. मँचेस्टरच्या आगीत खिडक्यांना गज होते, ते कापून माणसं काढावी लागली. प्रत्येक मजल्यावर निदान एक मोठी, आतून उघडणारी खिडकी बोर्डामागून मोकळी करून घ्या. हे शेठला आवडणार नाही, बोर्डावर खर्च झालेला असतो. तरी सांगा.

विजेचं मी थोडक्यात उरकतो, कारण त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो. वीज कंपनीकडून (एमजीव्हीसीएल) मंजूर झालेला भार आणि प्रत्यक्ष लावलेले एसी-दिवे यांचा मेळ बसतो का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, वारंवार पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवला असेल, तर ती आगीची पूर्वतयारी आहे. फॉल्स सीलिंगच्या आत उघडे जोड नकोत. तापणारे स्पॉटलाइट लटकवलेल्या कापडापासून लांब. बिलिंगच्या यूपीएसच्या बॅटऱ्या आणि चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटर जिन्याखाली मुळीच नकोत. आणि दुकान चालू असताना वेल्डिंग, ग्राइंडिंग कधीही करू द्यायचं नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ माणसं गेली, तिथे वेल्डिंगचं काम चालू होतं, आत ज्वालाग्राही साठा होता आणि फायरची एनओसीच नव्हती.

तुमच्याकडे एनओसी आहे, ही चांगली गोष्ट. तिच्यावरची तारीख बघा. गुजरातच्या २०१३ च्या अग्निप्रतिबंध कायद्याखाली यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा इमारत वापरणाऱ्याची आहे. फ्रेममधला कागद तपासणीच्या दिवशीची स्थिती सांगतो. त्या दिवशी जिना बहुधा मोकळा होता.

आग विझवायच्या लाल नळकांड्यांचंही असंच. सहा किलोचं पावडरचं नळकांडं दाबून धरलं तर पंधरा-वीस सेकंदांत संपतं. तेवढंच. त्यामुळे नियम सोपा ठेवा: आग कमरेपेक्षा खाली असेल, तुमच्या पाठीशी बाहेरचं दार असेल, आणि घंटा आधीच वाजलेली असेल, तरच एक नळकांडं वापरून बघायचं. ते संपलं आणि आग विझली नाही, तर निघायचं. पिन ओढणं, नळी आगीच्या मुळाशी धरणं, दांडा दाबणं, डावीकडून उजवीकडे फिरवणं, हे प्रत्येकाने एकदा हाताने केलेलं असलं पाहिजे. नळकांडी दुरुस्तीला किंवा भरायला जातात तेव्हा जुनी पावडर फेकून देतात. त्याआधी ती गच्चीवर किंवा पटांगणात दुकानातल्या माणसांकडून चालवून घ्या, वेगळा खर्च येत नाही.

आता तालीम, म्हणजे आग लागली असं धरून सगळ्यांनी बाहेर पडायचा सराव. शेठने एक सकाळ दिली की तुमच्या अधिकारात पूर्णपणे बसणारी आणि सगळ्यांत जास्त उपयोगाची गोष्ट हीच. सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धा तास पुरतो. पहिल्या वेळी सगळ्यांना आधी सांगून करा. माणसं नेमून द्या: प्रत्येक मजल्यावर एक जण, जो शेवटी निघेल आणि ट्रायल रूम, टॉयलेट, गोडाऊन उघडून बघत खाली येईल. हा माणूस सुट्टीवर असेल त्या दिवशीचा बदलीही ठरवा. एक जण १०१ किंवा ११२ ला फोन करेल. तो बाहेर पडून फोन करेल, आत थांबून नाही, आणि पत्ता सांगताना जवळची खूण सांगेल. दांडिया बाजारचं फायर स्टेशन तुमच्यापासून लांब नाही, पण संध्याकाळी लाऱ्या (हातगाड्या) आणि पथारीवाल्यांतून बंब आत आणणं हे वेगळंच काम आहे. म्हणून एक धिप्पाड माणूस रस्त्यावर वाट मोकळी करायला ठेवा, आणि शेजारच्या लारीवाल्यांनाही तालमीच्या दिवशी बोलावून सांगा. ते मदत करतात, असा माझा अनुभव आहे. मेन शटर पूर्ण वर आहे आणि वर अडकवलेलं आहे हे बघायला एक जण. मोटरचं शटर असेल तर वीज गेल्यावर ते हाताने कसं वर जातं, हे किमान चार जणांना यायला हवं.

कॅश काउंटरवरच्या मुलाला वेगळं सांगावं लागेल. गल्ला बंद करायचा नाही, हिशेब मांडायचा नाही, उठायचं. हे त्याला शेठनेच सांगायला हवं, कारण गल्ला सोडल्याबद्दल तो शेठलाच जबाबदार असतो. आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर पैसे न दिलेली साडी असली तरी तिला जाऊ द्यायचं.

बाहेर एक जागा ठरवा, दुकानाच्या भिंतीपासून लांब, जिथे सगळे जमतील. हजेरीचं रजिस्टर घेऊन एकाने नावं वाचायची. बंबवाले आल्यावर त्यांना पहिलं वाक्य काय सांगायचं, तेही पाठ करून ठेवा: "आग अमुक मजल्यावर आहे, वर इतकी माणसं आहेत, ती या खोलीत असतील, दुसरा जिना मागे आहे." क्राइस्टचर्चला हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. त्यासाठी रजिस्टर खरं असायला हवं. रोजंदारीचे कारागीर, सणापुरत्या घेतलेल्या मुली, माल टाकायला आलेला हमाल, ऑडिटला आलेले लोक, या सगळ्यांची नावं आत येतानाच लिहून घ्या. कामगार कायद्याच्या भीतीने काही ठिकाणी ही नावं लिहीत नाहीत. मग आगीत तो माणूस आत होता की नव्हता, हेच कुणाला सांगता येत नाही. ही गोष्ट मला फार टोचते, त्यामुळे इथे तुम्ही अडून बसलात तरी चालेल.

शेठशी बोलताना एकट्या जाऊ नका. हिशेबनीस आणि सगळ्यांत जुना सेल्समन यांना सोबत घ्या. बोलणं झाल्यावर एका पानावर लिहून द्या, गुजरातीत: मागच्या दाराचं कुलूप, जिन्यातला माल, वर ऐकू न येणारा हूटर, आणि तालमीसाठी मागितलेली सकाळ. तारीख घाला, प्रत स्वतःकडे ठेवा. यात धमकी नको, पण आपण सांगितलं होतं याची नोंद हवी. बहुतेक शेठ वाईट नसतात. त्यांना चोरी दर महिन्याला दिसते, आग कधीच दिसलेली नसते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला एकदा दुकान बघायला बोलवा, असंही सुचवा. त्याचं बोलणं त्यांना तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा लवकर पटतं.

पहिल्या तालमीत घड्याळ लावा. घंटा वाजल्यापासून वरच्या कारागिरांच्या खोलीतला पहिला माणूस जागचा उठेपर्यंत किती वेळ गेला, हा एक आकडा. शेवटचा माणूस रस्त्यावर येईपर्यंत किती, हा दुसरा. दोन्ही मला कळवा, सोबत मागच्या जिन्याची रुंदी आणि प्रत्येक मजल्यावरची माणसं. दुसऱ्या तालमीत कुणाला कुठल्या जिन्याने उतरवायचं, ते त्यावरून सांगतो. ती दुसरी तालीम न सांगता, आणि नवरात्राच्या आधी व्हायला हवी.